आशर-कुमारींचं 'मल्याळम': क्रियापदापुरतं परीक्षण

रोनाल्ड आशर आणि टी. सी. कुमारी यांचं 'मल्याळम' हे पुस्तक मल्याळम बोलायला शिकवत नाही, हे आधीच सांगून टाकते. रूटलेजने १९९७ साली काढलेलं, पाचशेच्या आसपास पानांचं, किमतीने अंगावर येणारं असं हे वर्णनात्मक व्याकरण आहे. बाजारात भाजी घेण्यापुरती भाषा हवी असेल तर दुसरं काहीतरी घ्या. मी कनिष्ठ महाविद्यालयात मराठी व्याकरण शिकवण्यात जन्म घालवला आणि माझी सून त्रिशूरची. ती आईशी फोनवर बोलते तेव्हा त्या वाक्यांच्या शेवटी काय चाललंय ते मला कळून घ्यायचं होतं, कारण आपल्यासारखंच तिथेही क्रियापद शेवटी येतं. म्हणून हे परीक्षण क्रियापदापुरतं. ध्वनिविचाराची पानं मी चाळली आहेत, वाचली आहेत असं म्हणणार नाही.

आशर हे एडिंबरा विद्यापीठातले, मल्याळम कथाकार बशीरांना इंग्रजीत नेणारे. त्यामुळे हा माणूस भाषेत रमलेला असणार अशी अपेक्षा घेऊन आपण पुस्तक उघडतो आणि पहिल्याच पानांत जरा हिरमोड होतो. बर्नार्ड कॉमरी आणि नॉर्व्हल स्मिथ यांनी १९७७ साली जगातल्या कुठल्याही भाषेला लावता येईल अशी एक लांबलचक प्रश्नावली तयार केली होती. हे पुस्तक ज्या मालिकेतलं, तिच्यातली पुस्तकं म्हणजे त्या प्रश्नावलीला दिलेली उत्तरं. भाषेची स्वतःची चाल तीत हरवते. एकमेकांना चिकटलेल्या गोष्टी दोन टोकांच्या कलमांत जाऊन पडतात, आणि वाचणाऱ्याने बोटं अडकवून पानं मागे-पुढे करत राहायचं.

पण याच कोरडेपणाचा मराठी वाचकाला एक फायदा आहे. राजेश्वरी पंढरीपांडे यांचं 'मराठी' याच मालिकेत, त्याच वर्षी आलं. प्रश्नावली एकच, म्हणून कलमांचे आकडेही तेच. क्रियापद दोन्हीकडे २.१.३ मध्ये. दोन्ही पुस्तकं टेबलावर शेजारी उघडून वाचली की या खरेदीचा पैसा वसूल होतो.

उदाहरणार्थ पुरुष, लिंग, वचन. (यापुढची उदाहरणं आमच्या घरच्या बोलण्यातली आहेत.) आपल्याकडे आलो, आले, आलास, आलीस, आला, आली, आलं अशी रांग लागते. दामल्यांच्या व्याकरणावर वाढलेल्या माणसाला तर आख्यातांशिवाय, म्हणजे क्रियापदाच्या अशा प्रत्ययांच्या रांगांशिवाय, चैन पडत नाही. मल्याळमच्या बाजूला शुकशुकाट: ञान् वन्नु, नी वन्नु, अवन् वन्नु, अवळ् वन्नु, अवर् वन्नु. मी, तू, तो, ती, ते, कोणीही या, 'वन्नु' हलत नाही. शेजारच्या तमिळमध्ये पुरुषाचे प्रत्यय शाबूत आहेत. ए. आर. राजराजवर्मा यांनी 'केरळपाणिनीयम्' या मल्याळमच्या व्याकरणात (१८९६, सुधारून १९१७) मल्याळमला वेगळं करणारी जी सहा लक्षणं मांडली, त्यातलं एक 'पुरुषभेदनिरास'. मराठी वाचकाला ही संज्ञा फोडून सांगायची गरज नाही.

आता गंमत बघा. समोरच्या दाराने घालवलेला हा पुरुष मागच्या दाराने आत येऊन बसला आहे. 'देणे' याला मल्याळममध्ये दोन धातू आहेत. घेणारा मी किंवा तू असेल तर 'तरुक', तिसराच कोणी असेल तर 'कोडुक्कुक'. अवन् एनिक्कु तन्नु, म्हणजे त्याने मला दिलं. ञान् अवनु कोडुत्तु, म्हणजे मी त्याला दिलं. प्रत्ययात नसलेला पुरुष धातूच्या अर्थातच मुरलेला! मी सुनेला विचारलं तर ती थोडा वेळ गप्प, मग म्हणाली, "हो की आई, पण हे आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं." मातृभाषेचं असंच असतं. आपल्याला तरी 'मी आंबा खाल्ला' मधला 'खाल्ला' आंब्याकडे का बघतो हे कुठे कुणी शिकवलेलं असतं?

संयुक्त क्रियापदांशी आल्यावर मात्र मला परकं वाटेनासंच झालं. एऴुतिवेच्चु म्हणजे लिहून ठेवलं. तिन्नुनोक्कि म्हणजे खाऊन पाहिलं. मरन्नुपोयि म्हणजे विसरून गेले. 'कळयुक' म्हणजे टाकणे, आणि 'तिन्नुकळञ्ञु' म्हणजे खाऊन टाकलं. दुसरं क्रियापद आपला मूळ अर्थ सोडून पहिल्याला रंग देतं ही खोड दोन्ही घरांत सारखीच. फक्त एक ठिकाणी पाय घसरतो. 'इरिक्कुक' म्हणजे बसणे, आणि 'अवन् वन्निरिक्कुन्नु' म्हणजे साधं 'तो आला आहे'. मराठीत 'तो येऊन बसलाय' म्हटलं की त्यात कपाळावरची आठी आलीच. मल्याळममध्ये ती आठी नाही. सून म्हणते, रोजच्या बोलण्यात तर ते सरळ 'वन्निट्टुण्टु' म्हणतात.

आणखी एक जागा मला फार आवडली. 'पोकणम्' या एकाच रूपाशी कर्ता कसा येतो त्यावर अर्थ पालटतो. 'ञान् पोकणम्' म्हणजे मी जायला पाहिजे, माझ्यावर ते बंधन आहे. 'एनिक्कु पोकणम्' म्हणजे मला जायचंय, ती माझी इच्छा. क्रियापद तसंच, विभक्तीने कर्तव्याची इच्छा केली. हे वर्गात शिकवायला मिळालं असतं तर मी एक अख्खा तास लावला असता.

'असणे' चीही तिथे दोन रूपं: ओळख सांगणारं 'आणु' आणि अस्तित्व सांगणारं 'उण्टु'. त्यांचे नकार 'अल्ल' आणि 'इल्ल'. आपल्या 'नव्हे' आणि 'नाही' ची आठवण ठेवा म्हणजे झालं. यावर के. पी. मोहनन आणि तारा मोहनन यांचा १९९९ सालचा वेगळा लेख आहे, तो या पुस्तकापेक्षा पुष्कळ खोल जातो.

पुस्तक मला कमी पडलं ते काळाच्या अर्थाबाबत. भूत, वर्तमान, भविष्य अशी तीन घरं मांडली की रूपं नीट लागतात, पण 'उम्' हा प्रत्यय त्या घरात राहत नाही. 'अवन् नाळे वरुम्' म्हणजे तो उद्या येईल, हे ठीक. पण 'पशु पुल्लु तिन्नुम्' म्हणजे गाय गवत खाते. यात कसलं भविष्य? आर. अमृतवल्ली आणि के. ए. जयसीलन यांनी २००५ साली द्राविडी भाषांबद्दल असा मुद्दा मांडला की आपण ज्याला काळ म्हणतो ते मुळात काळ नसून क्रियेची व्याप्ती (ती पुरी झाली की चालू आहे) आणि अर्थ, म्हणजे आज्ञार्थ-विध्यर्थ ज्या जातीचे ती जात. यावर उलट बाजूने लिहिणारेही आहेत. हा वाद पुस्तकानंतरचा, त्यामुळे दोष देत नाही. एवढंच की रूपांची यादी म्हणजे अर्थाचा उलगडा नव्हे.

'वायिक्कुकयाणु' आणि 'वायिक्कुन्नुण्टु' या दोन्हींचं मराठी 'वाचते आहे' असंच होतं. मग दोन कशाला? पुस्तकातून माझं समाधान झालं नाही. सुनेच्या मते पहिलं म्हणजे आत्ता या क्षणी पुस्तक हातात आहे, दुसरं म्हणजे वाचन चालू आहे, काळजी नको. तिच्या आईला फोन लावला तर विहीणबाईंना हा फरक मुळीच मान्य नाही. मायलेकींचा वाद अजून मिटलेला नाही.

एक तक्रार शेवटी. सगळी उदाहरणं रोमन अक्षरांत आहेत, खुणांसकट. मल्याळम लिपी नाही. शास्त्राच्या दृष्टीने चालत असेल, पण घरातल्या मल्याळी माणसाला पान दाखवलं तर तोही अडखळतो. मी समासात पेन्सिलीने देवनागरी लिहून घेतलं. ळ आपल्याकडे आहेच, 'ऴ' साठी नुक्ता दिला की भागतं.

घ्यावं का? व्याकरणाची आवड असेल आणि विचारायला घरात किंवा शेजारी मल्याळी माणूस असेल तर जरूर. माणूस नसेल तर ही नुसती रूपांची कोठारं वाटतील. किंमत बघून मागे फिरणार असाल तर विद्यापीठाच्या ग्रंथालयात विचारा, आणि पंढरीपांडेंचं पुस्तकही सोबतच मागून घ्या.