एचटॉप : कमी रॅमच्या संगणकासाठी मेमरीचा भरवशाचा आरसा

रावेर-सावदा भागातील केळी व्यापाऱ्यांच्या ज्या कार्यालयांचे संगणक मी सांभाळतो, त्यांपैकी बरेच चार जीबी रॅमचे असून त्यांवर लिनक्स मिंट ही संगणकप्रणाली चालते. हंगामात एकीकडे लिबरऑफिसमध्ये गाड्यांचा हिशेब, दुसरीकडे ब्राउझरमध्ये व्हॉट्सॲप आणि बँकेचे संकेतस्थळ असे सगळे एकाच वेळी उघडलेले असते आणि मग ‘भाऊ, रॅम भरली’ असा फोन येतो. खरोखर भरली आहे का, हे पाहण्यासाठी मी सर्वांत आधी एचटॉप हे मेमरीचा वापर दाखवणारे साधन उघडतो.

हिशाम मुहम्मद यांनी २००४ मध्ये सुरू केलेले आणि २०२० पासून स्वयंसेवकांच्या गटाने पुढे चालवलेले हे मोफत साधन टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करण्याच्या खिडकीत, चालते. वरच्या मेमरी पट्टीतला हिरवा भाग म्हणजे प्रोग्रॅमनी प्रत्यक्ष व्यापलेली जागा, निळा म्हणजे बफर (डिस्कशी देवाणघेवाणीसाठीची तात्पुरती जागा) आणि पिवळा म्हणजे कॅशे (वाचलेल्या फायलींची साठवण). लिनक्स मोकळी रॅम पडून राहू देत नाही. डिस्कवरून वाचलेल्या फायली तो तिथे ठेवतो आणि एखाद्या प्रोग्रॅमला जागा लागली की त्यातील बहुतेक जागा लगेच सोडून देतो. म्हणून पट्टी टोकापर्यंत भरलेली दिसली, तरी तिचा मोठा भाग पिवळा असेल तर काळजीचे कारण नसते. पट्टीशेजारचा आकडाही हा कॅशे वगळूनच दिलेला असतो, आणि माझ्या मते या साधनाचा सर्वांत मोठा गुण हाच आहे. तरीही नव्या प्रोग्रॅमला नेमकी किती जागा मिळू शकेल, याचा अंदाज हवा असेल तर ‘फ्री’ या आज्ञेतील ‘अव्हेलेबल’ हा रकाना पाहावा. लिनक्सचा गाभा असलेल्या कर्नलने त्याची सोय २०१४ मध्ये, ३.१४ या आवृत्तीपासून केली.

दोष आहेत, आणि ते नवख्याला चकवणारे आहेत. मूळ मांडणीत एकाच प्रोग्रॅमचे थ्रेड (त्याच्या आत समांतर चालणारी कामे) वेगवेगळ्या ओळींत दिसतात आणि प्रत्येक ओळीपुढे तोच मेमरीचा आकडा असतो, त्यामुळे ब्राउझरने रॅमच्या कितीतरी पट जागा खाल्ली असा समज होतो. शिफ्ट धरून एच दाबल्यास या ओळी लपतात. खरे तर त्या पहिल्यापासूनच लपलेल्या असायला हव्या होत्या. ‘व्हर्ट’ रकाना प्रोग्रॅमने मागितलेला मेमरीच्या पत्त्यांचा पसारा सांगतो, प्रत्यक्ष व्यापलेली रॅम नाही, म्हणून मेमरी मोजताना त्याकडे दुर्लक्ष करावे. प्रत्यक्ष रॅममध्ये असलेली जागा सांगणारा ‘रेस’ अधिक उपयोगी आहे, पण अनेक प्रक्रियांनी (चालू प्रोग्रॅमनी) वाटून घेतलेली पाने, म्हणजे मेमरीचे छोटे तुकडे, तो प्रत्येकीच्या नावावर पूर्ण धरतो. ब्राउझरच्या सगळ्या ओळींची बेरीज केली तर ती खऱ्यापेक्षा जास्त येते, ती यामुळेच. यावर उपाय म्हणून एफ२ दाबून पीएसएस हा रकाना जोडता येतो. त्यात सामायिक जागा वाटून घेणाऱ्यांत समप्रमाणात विभागलेली असते. तो काढायला वेळ लागतो आणि इतर वापरकर्त्यांच्या प्रक्रियांसाठी रूटचे (प्रशासकाचे) अधिकार लागतात, ही त्याची किंमत आहे.

स्वॅपच्या, म्हणजे रॅम अपुरी पडल्यास वापरल्या जाणाऱ्या डिस्कवरच्या जागेच्या, पट्टीवर आकडा दिसला की अनेकांना धास्ती वाटते. बराच वेळ न वापरलेली पाने तिथे जाऊन पडली असतील तर काही बिघडत नाही. सतत ये-जा सुरू असेल तरच संगणक अडखळतो, आणि ती ये-जा एचटॉपची पट्टी दाखवत नाही. त्यासाठी ‘व्हीएमस्टॅट’ ही आज्ञा चालवावी, किंवा कर्नलमध्ये सोय चालू असल्यास एचटॉपच्याच माथ्यावर मेमरीच्या दाबाचा, म्हणजे मेमरीची वाट पाहत प्रोग्रॅम किती वेळ अडकले हे सांगणारा, पीएसआय मापक बसवावा. हा मापक मी आता सर्वत्र बसवतो, कारण ‘संगणक थांबतो’ या तक्रारीचे कारण मेमरी आहे की नाही, हे तोच सरळ सांगतो.

पडद्यावरचा मजकूर इंग्रजीतच आहे, त्यामुळे कार्यालयातील कारकुनाला रंगांचा अर्थ एकदा समजावून द्यावा लागतो. मांडणी मात्र एकदाच करावी लागते. एफ१० ने बाहेर पडताना ती होम फोल्डरमधील लपलेल्या कॉन्फिग फोल्डरात साठते आणि तीच फाइल, एचटॉपची आवृत्ती सारखी असेल तर, दुसऱ्या संगणकावर जशीच्या तशी ठेवता येते.