एकटीनं जायचंय: नाओशिमा की तेशिमा?

आतेबहिणीचा मेसेज आला: "ताई, ओसाकातलं काम गुरुवारी संपतंय. शुक्रवार-शनिवार मोकळे आहेत. एकटीच आहे. त्या भोपळ्याच्या बेटावर जाऊ ना?"

भोपळ्याचं बेट म्हणजे नाओशिमा. धक्क्याच्या टोकावर समुद्राकडे पाठ करून बसलेला, काळ्या ठिपक्यांचा पिवळाधमक भोपळा तुम्हीही फोटोत पाहिला असेल. यायोई कुसामा यांचं हे शिल्प १९९४ मध्ये तिथं आलं, ऑगस्ट २०२१ च्या वादळात लाटांनी ते उचलून नेलं आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये त्याच जागी नवं बसवलं गेलं. जपानमधल्या समकालीन कलेच्या बेटाचं नाव निघालं की आधी हाच भोपळा डोळ्यांसमोर येतो. पण नाओशिमाच्या पूर्वेला, बोटीनं अर्ध्या तासाच्या आत, तेशिमा आहे. एकट्या माणसानं यातलं कुठलं निवडावं, याचं उत्तर मला मेसेजमध्ये मावेना, म्हणून इथं सविस्तर लिहितेय.

माझं मत आधीच सांगते. हाताशी एकच दिवस असेल आणि सोबत कोणी नसेल, तर तेशिमाला जा. बेटावर एक रात्र काढणार असाल, तर नाओशिमा. बहुतेक जण याच्या उलट सल्ला देतात. पहिल्या खेपेला, एका दिवसात, नाओशिमाच करा म्हणतात. दोघं-चौघं असाल तर तोही सल्ला बरोबर आहे. एकटीनं गेल्यावर मात्र हिशेब बदलतो.

दोन बेटं, एकच कचरा

दोन्ही बेटं सेतोच्या समुद्रात, कागावा प्रांतात येतात. नाओशिमाची वस्ती ३ हजारांच्या आसपास, तेशिमाची हजाराच्याही आत. नाओशिमाच्या उत्तर टोकाला १९१७ पासून तांबं गाळण्याचा कारखाना आहे आणि तो आजही चालू आहे. कला आली ती दक्षिण टोकाला. उद्योगपती फुकुताके कुटुंबाच्या पुढाकारानं आणि वास्तुकार तादाओ आंदो यांच्या हातानं १९९२ मध्ये बेनेसे हाउस हे म्युझियम-कम-हॉटेल उभं राहिलं, तेव्हापासून.

तेशिमाची कहाणी जास्त कडवट आहे. या नावाचा अर्थच समृद्ध बेट. गोड्या पाण्याचे झरे, भातशेती, सगळं होतं. पण १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून १९९० पर्यंत तिथं कारखान्यांचा विषारी कचरा बेकायदा ओतला गेला. गावकरी वर्षानुवर्षं लढले, २००० मध्ये तडजोड झाली आणि सुमारे ९ लाख टन कचरा व दूषित माती बेटावरून हलवण्याचं काम २०१७ पर्यंत चाललं. तो माल कुठं गेला? बोटीनं नाओशिमाला, त्याच कारखान्याच्या आवारात प्रक्रियेसाठी. एका बेटाची घाण दुसऱ्यानं पोटात घेतली. ही गोष्ट माहीत असली की दोन्हीकडची कला वेगळी दिसते, म्हणून जाण्याआधी तेवढी समजून घ्याच.

तेशिमा: अळवावरचं पाणी

तेशिमा आर्ट म्युझियम २०१० मध्ये उघडलं. वास्तुकार र्‍यूए निशिझावा, कलाकार रेई नाइतो. डोंगरउतारावर, गावकऱ्यांनी पुन्हा कसायला घेतलेल्या भातखाचरांच्या शेजारी, पांढऱ्या काँक्रीटचं एक कवच टेकलंय. साधारण ६० मीटर लांब, ४० मीटर रुंद, सर्वांत उंच जागी जेमतेम साडेचार मीटर, आणि आत एकही खांब नाही. छताला दोन मोठी अंडाकृती भोकं आहेत, काच नसलेली. पाऊस आत येतो, वारा येतो, पाखरं येतात.

बूट काढून आत जायचं. भिंतीला चित्र नाही, मध्ये शिल्प नाही. सुरुवातीला वाटतं, बघायचं काय? मग पायाशी लक्ष जातं. जमिनीला सुईच्या टोकाएवढी छिद्रं आहेत, त्यातून पाण्याचा एकेक थेंब वर येतो. थोडा वेळ फुगून बसतो. मग कुठल्याशा अदृश्य उताराला लागून सुळकन पळतो, वाटेत दुसऱ्याला भिडतो, दोघांचा एक होतो, त्याची शेपूट लांबते, तुटते, आणि तुटलेला तुकडा मागं थरथरत राहतो. हुबेहूब अळवावरचं पाणी. आपण तो शब्द क्षणभंगुर गोष्टींसाठी वापरतो, पण परसातल्या अळवाचं पान हलवून थेंब खेळवत बसायचो तो आनंद त्या शब्दात उरलेला नाही. मला तो तिथं परत मिळाला. चाळीस मिनिटं मी एका छिद्राशेजारी मांडी घालून बसले होते.

आता यात एकटेपणाचा संबंध काय? तो घुमट कुजबुजसुद्धा घुमवतो. सोबतीला कोणी असेल, तर "बघ बघ" म्हणावंसं वाटतं, आणि म्हटलं की सगळ्यांना ऐकू जातं. आणि सोबतीचं माणूस दहा मिनिटांत उठलं, की आपल्यालाही उठावं लागतं. एकटी असले तर थेंबाचं सगळं आयुष्य बघायला कोणी आडकाठी करत नाही.

दुसरी जागा कराटो बंदराजवळच्या किनाऱ्यावर आहे. ख्रिस्तियाँ बोल्तान्स्की या फ्रेंच कलाकारानं जगभरच्या माणसांच्या हृदयाचे ठोके ध्वनिमुद्रित करून इथं जपलेत. बोल्तान्स्की २०२१ मध्ये गेले, ठोके गोळा होतच आहेत. अंधाऱ्या खोलीत एकच दिवा, आणि कुणा अनोळखी माणसाच्या ठोक्यांबरोबर तो लुकलुकतो. पैसे भरून तुम्ही तुमचेही ठोके नोंदवू शकता. हळवं मन असेल, घरचं कोणी नुकतंच गेलं असेल, तर इथं एकटीनं जाण्याआधी विचार करा. बाहेर आल्यावर हात धरायला कोणी नसतं. समोर समुद्र असतो, आणि मला तेवढा पुरला, पण सगळ्यांना पुरेल असं नाही.

नाओशिमा: गर्दी, आणि गर्दीतली एकट्याची दारं

नाओशिमाकडे बघण्यासारखं कितीतरी जास्त आहे, यात वाद नाही. चिचू म्युझियम २००४ चं. चिचू म्हणजे जमिनीच्या आत, आणि आंदोंनी ते खरोखरच टेकडीच्या पोटात बांधलंय, म्हणजे बाहेरचा देखावा बिघडू नये. आत तीनच कलाकार: फ्रेंच चित्रकार मोने, आणि वॉल्टर डी मारिया व जेम्स टरेल हे दोघे अमेरिकी. मोनेच्या उतारवयातल्या कमळांच्या पाच चित्रांना वरून येणारा फक्त सूर्यप्रकाश. ढग आला की चित्र मावळतं, ऊन पडलं की उजळतं. डी मारियाच्या दालनात पायऱ्यांच्या मधोमध २.२ मीटर व्यासाचा काळाभोर ग्रॅनाइटचा गोल, आणि भिंतींवर सोनेरी मुलामा दिलेले लाकडी आकार. फोटो काढायला बंदी आहे, आणि ही बंदी मला मनापासून आवडते.

पण वेळेची तिकिटं असूनही चिचूत रांग असते, मोनेच्या दालनात चपला बदलायला थांबावं लागतं, आणि दिवसाच्या बोटीनं आलेले सगळे जण एकाच बसनं एकाच क्रमानं फिरतात. चार लोकांच्या घोळक्यात ही गर्दी जाणवत नाही. एकटीला जाणवते.

नाओशिमाला एकट्या माणसासाठी राखलेल्या जागा आहेत त्या होनमुरा गावात. जळक्या लाकडाच्या काळ्या भिंतींची जुनी घरं, त्यातली काही १९९८ पासून कलाकारांच्या हाती दिलेली. कादोया या घरात तात्सुओ मियाजिमानं अंधारात पाणी साठवून त्यात लाल-हिरवे आकडे मोजणारे १२५ डिजिटल दिवे बुडवलेत. प्रत्येक दिव्याचा वेग गावातल्या एकेका माणसानं ठरवलाय, अगदी लहान पोरापासून नव्वदी ओलांडलेल्या आजोबांपर्यंत. मिनामिदेरा या लाकडी इमारतीत टरेलचं काम आहे: भिंतीला हात लावत मिट्ट काळोखात शिरायचं, बाकावर बसायचं, आणि डोळे सरावेपर्यंत थांबायचं. काही मिनिटांनी समोर एक फिकट उजेड जाणवू लागतो. तो आधीपासूनच तिथं होता. अनोळखी लोकांबरोबर काळोखात बसायची भीती मलाही वाटली होती, पण कर्मचारी आत सोबत असतात.

आणि किनझा. जेमतेम खोलीएवढं जुनं घर, काम पुन्हा रेई नाइतो यांचंच, तेशिमावाल्या. इथं आधी बुकिंग करावं लागतं आणि आत एका वेळी एकच माणूस सोडतात, पंधरा मिनिटं. नवरा-बायको आले तरी एकेकटं जायचं. एकटीनं आलेल्या बाईला इथं कुणी 'एकटीच का?' म्हणून बघत नाही, कारण त्या दारातून सगळे एकटेच जातात. नाओशिमाला जाऊन किनझा चुकवलंत, तर एकट्या प्रवासाचा सर्वांत मोठा फायदा सोडलात.

३१ मे २०२५ ला होनमुराजवळ नाओशिमा न्यू म्युझियम ऑफ आर्ट उघडलं, आंदोंची या बेटावरची दहावी इमारत, आशियाई कलाकारांवर भर असलेली. वेळ असेल तर बघा. एका दिवसात कोंबू नका.

रात्र का महत्त्वाची

संध्याकाळच्या बोटी गेल्या की नाओशिमा बदलतं. रस्ते रिकामे, भोपळ्यापाशी कोणी नाही. मियानौरा बंदराजवळ २००९ मध्ये उघडलेलं सार्वजनिक स्नानगृह आहे, शिनरो ओताके यांनी सजवलेलं. पुरुष आणि बायकांच्या भागांमधल्या भिंतीवर चक्क हत्तीचं शिल्प उभं आहे. पोहण्याचा पोशाख चालत नाही, आधी अंग धुवून मगच टाकीत उतरायचं. आपल्याला संकोच वाटतो, पण शेजारी गावातल्या आज्या गप्पा मारत बसलेल्या असतात आणि पाच मिनिटांत तो संकोच जातो.

राहण्याचं मात्र आधी ठरवा. बेनेसे हाउस महाग आहे. मिनशुकूत, म्हणजे घरगुती पाहुणेघरात, दर खोलीला नसतो, माणशी असतो. आणि काही ठिकाणी एकट्या पाहुण्याला खोली देतच नाहीत. डॉर्मिटरीची गेस्टहाउसं हा एकट्याला सर्वांत सोपा मार्ग. तेशिमालाही मुक्काम करता येतो, पण पर्याय मोजके आहेत आणि संध्याकाळनंतर जेवायला बाहेर काही मिळेल या भरवशावर राहू नये.

फिरणं आणि खाणं

सुरक्षिततेबद्दल आई-आत्यांना निश्चिंत करा. दोन्ही बेटांवर मला कधीच अस्वस्थ वाटलं नाही. खरी जोखीम बोट चुकण्याची आहे, आणि ती तेशिमाला जास्त, कारण बोटी कमी आणि बसही कमी. इएउरा बंदरापासून म्युझियम सुमारे ४ किलोमीटर, मध्ये चांगला चढ. ई-सायकल हवीच. एकदा शनिवारी मी पोचले तेव्हा बंदरावरच्या सगळ्या ई-सायकली गेलेल्या होत्या, बस नुकतीच सुटलेली, आणि तो चढ मी पाठीवर बॅग घेऊन चालले. सायकल आधी बुक करा. शेवटच्या उतारावर रस्ता समुद्रात उडी घेतोय असं वाटतं, तिथं ब्रेक जपून.

नाओशिमाला गावची बस आणि म्युझियमच्या बाजूची मोफत बस मिळून काम भागतं. तिथं मियानौरात एक कोंबिनी, म्हणजे खाण्यापिण्याचं सगळं मिळणारं छोटं दुकान आहे, तेशिमाला नाही. शाकाहारी असाल तर दोन्हीकडे डबा सोबत ठेवा. कागावाची उडोन, म्हणजे गव्हाच्या जाड शेवया, प्रसिद्ध आहे, पण तिचं पाणी वाळवलेल्या बारीक मासळीचं असतं. मेथीचे ठेपले, दशमी, जे टिकतं ते न्या. मासे चालत असतील तर काहीच अडचण नाही.

वार तपासा. चिचू सोमवारी बंद, तेशिमा आर्ट म्युझियम मंगळवारी बंद, हिवाळ्यात आणखी काही दिवस. सेतोची त्रैवार्षिक कला-जत्रा २०१० पासून भरते, २०२५ ची झाली, पुढची २०२८ ला. जत्रेच्या वर्षी बोटी वाढतात, पण माणसं त्याहून वाढतात. एकटेपणासाठी जात असाल तर मधली वर्षं चांगली.

ओसाकाहून शिनकानसेननं ओकायामा पाऊण तासावर. तिथून उनो बंदर गाठायचं, साधारण एक तास. उनोहून नाओशिमा वीस मिनिटं, तेशिमा बोटीप्रमाणे पंचवीस ते चाळीस. सिंहगड रस्त्यावरची पुणे-ओकायामा मैत्री बाग ज्या कोराकुएन बागेवरून केली, ती मूळ बाग ओकायामातच आहे. पुण्याच्या माणसानं परतताना तासभर तिथं थांबावं, पाण्याच्या कडेची वळणं ओळखीची वाटतात.

आतेबहिणीला मी शेवटी हे कळवलं: शुक्रवार तेशिमाला दे, कारण आडवारी सायकली मिळतात आणि घुमटात माणसं कमी असतात. संध्याकाळी उनोला परत ये आणि रात्रीची बोट धरून नाओशिमाला मुक्कामाला जा. शनिवारी पहिली बोट यायच्या आत भोपळा बघून घे, मग चिचूचं सकाळचं पहिलं तिकीट, दुपारी होनमुरा. तिनं तेशिमाचं दुपारचं तिकीट काढलंय, ई-सायकल ठेवलीय, डॉर्मिटरीत खालची खाट मिळालीय. किनझाचं शनिवारचं बुकिंग अजून व्हायचंय. आज रात्री ती परत बघणार आहे.