आर्गस-२ : दृष्टिपटलाचे अर्धेच काम करणारे उपकरण

रेटिनायटिस पिगमेंटोझा या दृष्टिपटलातील (डोळ्याच्या आतील पडद्यातील) प्रकाशग्राही पेशी हळूहळू नष्ट करणाऱ्या आजारामुळे दृष्टी गमावलेल्यांसाठी अमेरिकेतील सेकंड साइट कंपनीने बनवलेल्या ‘आर्गस-२’ या कृत्रिम दृष्टिपटलाला युरोपात २०११ मध्ये आणि अमेरिकेत २०१३ मध्ये मान्यता मिळाली. चष्म्यावरचा कॅमेरा दृश्य टिपतो, अंगावर बाळगायचा छोटा संगणक ते ठिपक्यांत उतरवतो आणि दृष्टिपटलावर बसवलेले ६० इलेक्ट्रोड त्यानुसार विजेचे स्पंद देतात. दाराची चौकट शोधणे, जमिनीवरची पांढरी रेषा धरून चालणे, मोठी अक्षरे ओळखणे एवढे काही रुग्णांना जमू लागले. ज्यांना जेमतेम अंधार-उजेड कळत होता, त्यांच्यासाठी हे थोडे नव्हे.

मात्र उपकरणाची खरी मर्यादा ६० या आकड्यात नाही. निरोगी दृष्टिपटलात सुमारे १२ कोटी प्रकाशग्राही पेशी असतात आणि मेंदूकडे जाणारे तंतू १० लाखांच्या आसपास, म्हणजे माहिती वाटेतच आटवली जाते. आडव्या पेशी आजूबाजूचा उजेड जणू वजा करून कडा ठळक करतात. द्विध्रुवी पेशी उजेड वाढल्याची आणि घटल्याची वर्दी वेगवेगळ्या वाटांनी पुढे देतात. मध्य आणि परीघ यांच्या उजेडातील फरकाला गँग्लियन पेशी, म्हणजे ज्यांचे तंतू मेंदूकडे जातात त्या पेशी, कसा प्रतिसाद देतात, हे शास्त्रज्ञ स्टीफन कफलर यांनी १९५३ मध्येच मांजराच्या डोळ्यात दाखवले होते.

आर्गस-२ ही सारी मधली यंत्रणा बहुतांशी ओलांडून थेट गँग्लियन पेशींना चेतवते. एका इलेक्ट्रोडखाली अनेक पेशी येत असल्यामुळे ‘उजळले’ आणि ‘काळवंडले’ असे दोन्ही संकेत मेंदूला एकदमच मिळतात. शिवाय जवळून जाणारे तंतूही चेतवले जात असल्याने ठिपक्याऐवजी लांबट रेघ दिसू शकते. त्यामुळे नुसते इलेक्ट्रोड वाढवून चित्र सुधारेल, असे मला वाटत नाही. कॅमेरा चष्म्यावर असल्याने आजूबाजूचे पाहायला नजर नव्हे, मान फिरवावी लागते, ही गैरसोय वेगळीच.

सुमारे दीड लाख डॉलर किमतीच्या या उपकरणाचे उत्पादन कंपनीने २०१९ मध्ये थांबवले आणि डोळ्यात ते बसवून घेतलेल्यांना दुरुस्ती मिळणे कठीण झाले. माझ्या मते सर्वांत मोठा दोष हाच. तंत्राच्या बाजूने पाहता, ३७८ बिंदूंची ‘प्रिमा’ ही चकती मला अधिक शहाणपणाची वाटते. वयोमानानुसार होणाऱ्या मॅक्युलाच्या (दृष्टिपटलाच्या मध्यभागाच्या) ऱ्हासासाठी ती दृष्टिपटलाखाली बसवतात आणि तिचे संकेत शाबूत असलेल्या द्विध्रुवी पेशींकडे जातात, त्यामुळे डोळ्याच्या स्वतःच्या प्रक्रियेचा निदान काही भाग तरी वापरात राहतो.