नाताळचं पंच: वाइन घालून की वाइनशिवाय?

चोवीस डिसेंबरच्या रात्री उपासना संपवून माणसं बाहेर पडतात तेव्हा नाशिकची थंडी कानांत शिरलेली असते. निफाडचा पारा एक आकडी झाल्याच्या बातम्याही याच दिवसांतल्या. आमच्याकडे शरणपूर रोडला उपासनेनंतर वीस-बावीस जण घरी येतात. करंज्या, चकल्या, केक यांच्या ताटांशेजारी काहीतरी गरम हवं असतं, आणि चहा तर रोजचाच. म्हणून पंच: वाइन किंवा फळांच्या रसात मसाले घालून केलेलं गरम पेय. डिसेंबरचा दुसरा आठवडा आला की कुणा ना कुणाचा फोन येतो: यंदा वाइनचं करायचं की साधं?

माझं उत्तर आधीच सांगते. एकच पातेलं चढवणार असाल तर बिनअल्कोहोलचं करा. दोन चढवायची तयारी असेल तर दोन्ही करा, पण दोन्हींच्या कृती वेगळ्या ठेवा. वाइनच्या कृतीतून वाइन वगळली की बिनअल्कोहोलचं पंच तयार होतं, हा समज चुकीचा आहे. बहुतेकांचं पंच बिघडतं ते इथेच. माझंही बिघडलं होतं.

पंच हा शब्द आपल्या ‘पाच’वरूनच गेला, असं बरेच जण मानतात. १६७०च्या दशकात सुरत-मुंबईकडे येऊन राहिलेल्या जॉन फ्रायर या इंग्रज डॉक्टरनेही तसंच लिहून ठेवलं आहे: हिंदुस्थानी पाच, कारण जिनसा पाच. दारू, लिंबू, साखर, पाणी आणि मसाला. कुठे मसाल्याच्या जागी चहा. ठरवायला बसलेल्या माणसाला ही यादी फार कामाची आहे. वाइन काढली की पाचातली एक जिन्नस गेली, असं वाटतं. प्रत्यक्षात ती एकटी तीन-चार कामं करत असते.

वाइन काय करते?

रेड वाइनमध्ये तुरटपणा असतो, तो द्राक्षाच्या सालीतून आणि बियांतून येतो. आंबटपणा असतो. घशाला बसणारी ऊब असते. लवंग-दालचिनीचा वास ज्या तेलांत असतो ती तेलं अल्कोहोलमध्ये पाण्यापेक्षा चांगली विरघळतात, म्हणून वाइनच्या पंचात मसाला लवकर उतरतो आणि जिभेवर रेंगाळतो. आणखी एक गोष्ट: माणसं ते घोट-घोट पितात. रसाचं पंच मात्र सरबतासारखं गटागटा संपतं आणि पातेलं अर्ध्या तासात रिकामं होतं.

बारा जणांसाठी माझं माप असं आहे. शिराझ या रेड वाइनच्या दोन बाटल्या, म्हणजे दीड लिटर. अर्धा लिटर संत्र्याचा रस, पेलाभर पाणी, दीडशे ग्रॅम साखर किंवा गूळ, दालचिनीचे दोन तुकडे, सात-आठ लवंगा, दोन चक्रफुलं, इंचभर आलं, एका संत्र्याची पिवळी साल. पांढरा भाग नको, तो कडू. आधी पाणी, साखर आणि मसाले दहा मिनिटं उकळून घ्यायचे, मग आच अगदी मंद करून वाइन आणि रस ओतायचा. इथून पुढे उकळी फुटू द्यायची नाही. कडेला बारीक बुडबुडे दिसायला लागले, वाफ सरळ वर येऊ लागली की पुरे. साधारण सत्तर अंश. अल्कोहोल ७८ अंशांना उकळतं, त्याच्या खालीच थांबायचं. वीस मिनिटं झाकून ठेवलं की लवंग वाइनमध्ये मिसळते. जास्त वेळ ठेवलं तर मात्र लवंगच लवंग लागते. महागडी, लाकडी पिंपात मुरवलेली बाटली यात घालू नका. मसाल्यापुढे तिची नजाकत टिकत नाही. साधी, फळांच्या चवीची बाटली उत्तम.

काही जण यात वरून अर्धा पेला रम किंवा ब्रँडी घालतात. त्याचा हिशेब एकदा मांडून पाहा. १३ टक्क्यांच्या दीड लिटर वाइनमध्ये १९५ मिली अल्कोहोल. त्यात ४२.८ टक्क्यांची १२० मिली रम, म्हणजे आणखी ५१. सगळं पातेलं सव्वादोन-अडीच लिटरचं, म्हणजे साडेदहा टक्क्यांच्या आसपास. दीडशे मिलीच्या एका कपात साधारण १६ मिली अल्कोहोल जातं. रमच्या तीस मिली पेगमध्ये तेरा असतं. गोड, गरम, फळांचा वास येणारा एक कप हा छोट्या पेगपेक्षा जड असतो आणि पिणाऱ्याला ते जाणवत नाही. म्हणून रम घालायची असेल तर पाहुण्यांना तसं सांगून घाला.

‘उकळलं की दारू उडून जाते, मग मुलांना द्यायला काय हरकत?’ हे मी दर नाताळला ऐकते. उडत नाही. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या तक्त्यानुसार मंद उकळीवर पंधरा मिनिटांनंतर सुमारे चाळीस टक्के अल्कोहोल शिल्लक असतं, एका तासानंतरही पंचवीस टक्के. तासभर उकळलेली वाइन चवीला कशी लागेल ते वेगळंच. मुलांसाठी, गरोदर बाईसाठी, औषधं चालू असलेल्या माणसासाठी ‘उकळलेलं’ पंच हा पर्याय नाही. त्यांच्यासाठी पहिल्यापासून वेगळं पातेलं लागतं.

वाइनशिवायचं: इथे जास्त डोकं लागतं

पहिल्यांदा केलं तेव्हा मी वाइनच्या जागी तेवढाच डब्यातला द्राक्षरस ओतला आणि बाकी सगळं तेच ठेवलं, साखरेसकट. वास छान सुटला होता. मावशीने एक घोट घेतला, कप खाली ठेवला आणि करंजीकडे वळली. मीही चाखलं. थेट खोकल्याच्या औषधाची चव: गोड, त्यावर लवंग, बस. तिला आवडेल म्हणून केलं होतं, त्यामुळे तो कप तसाच राहिलेला पाहून खरंच वाईट वाटलं.

पुढचे दोन नाताळ मी त्याच्या मागे लागले. वाइनसोबत काय काय निघून गेलं ते एकेक करून परत आणायचं होतं.

तुरटपणासाठी चहा. कोरा, कडक चहा: अर्धा लिटर पाण्यात तीन चमचे पावडर, चार मिनिटं, आणि लगेच गाळायचा. जास्त ठेवला तर कडू होतो. पंचात चहाची चव ओळखू येत नाही. गोडाला मागे ओढणारी ती तुरट कड तेवढी जिभेच्या बाजूंना लागते आणि पुढचा घोट घ्यावासा वाटतो. कुणाला चहा नको असेल तर डाळिंबाचा रस वाढवा. आपल्याकडे सटाणा-देवळ्याचा भगवा असतोच. एक किलो डाळिंबांतून रस अर्धा लिटरही निघत नाही, तेव्हा खर्च कमी होईल या आशेने याकडे वळू नका. चांगलं बिनअल्कोहोलचं पंच स्वस्त पडत नाही.

आंबटपणासाठी आमसुलं. आठ-दहा पाकळ्या गरम पाण्यात वीस मिनिटं भिजवून ते पाणी घालायचं. लिंबापेक्षा मला हे आवडतं, कारण रंगही येतो आणि आंबटपणा गोल, सावकाश लागतो. उबेसाठी आलं वाढवा, दोन इंच, ठेचून. वर सात-आठ मिरे. मिरी घशात नेमकी तिथे लागते जिथे वाइन लागते. शेवटी चिमूटभर सैंधव. हे मीठ घातल्यावर चव एकदम भरल्यासारखी होते, एकदा आधी आणि नंतर चाखून बघाच.

माप: एक लिटर काळ्या द्राक्षांचा रस, अर्धा लिटर डाळिंबाचा, अर्धा लिटर कोरा चहा, एक पेला संत्र्याचा रस, मसाले वाइनसारखेच पण चक्रफूल एकच. साखर शून्य. सगळं झाल्यावर चाखा, आणि लागलीच तर घाला. डब्यातल्या रसात बहुतेक वेळा साखर असतेच. घरी रस काढायचा तर डिसेंबरात द्राक्षं महाग असतात. खरा हंगाम जानेवारीनंतर सुरू होतो, आत्ता मिळतात ती सटाण्याकडची अर्ली द्राक्षं. थोडी ती आणि थोडा डब्यातला रस, असं मिसळून मी भागवते.

एक काळजी घ्या. घरी काढलेला कच्चा द्राक्षरस दोन-तीन दिवस बाहेर राहिला तर तो फसफसायला लागतो, आणि फसफसणं म्हणजे त्यात अल्कोहोल तयार होत असतं. ज्याला एक थेंबही चालत नाही त्याच्यासाठी करत असाल तर रस त्याच दिवशी काढा, किंवा लगेच उकळून फ्रिजमध्ये ठेवा.

अल्कोहोल काढून घेतलेल्या वाइनच्या बाटल्याही आता मिळतात. गरम केल्यावर मला त्या पातळ लागल्या, आणि त्यांत अगदी थोडं अल्कोहोल उरलेलं असू शकतं, लेबल वाचून घ्या.

मधला मार्ग

बिनअल्कोहोलचं एक मोठं पातेलं करायचं आणि ज्याला हवं त्याने कपात वरून घालून घ्यायचं, हे सोपं वाटतं. रम किंवा ब्रँडीसाठी ते खरोखर चांगलं जमतं: दीडशे मिली पंचात तीस मिली रम, सात टक्क्यांच्या आसपासचं पेय, आणि प्रत्येकाला आपण किती घेतली ते माहीत. वाइनसाठी मात्र जमत नाही. थंड वाइन वरून ओतली की पंच कोमट होतं आणि वाइन कच्ची लागते. तिला मसाल्यासोबत गरम व्हायला वेळ द्यावाच लागतो. २००० साली सुलाची पहिली वाइन बाजारात आली, त्यानंतर बाहेरगावचे नातेवाईक ‘नाशिकला येऊन वाइन नाही?’ असं हक्काने विचारतात. त्यांच्यासाठी छोटं पातेलं वेगळं चढवणंच बरं.

पातेलं कुठलं, हे दोन्हींना सारखंच लागू. तांबट आळीतली पितळी पातेली टेबलावर फार सुंदर दिसतात, पण कल्हई गेलेल्या भांड्यात आंबट पंच कळकतं. चव धातूची होते आणि पोटालाही ते बरं नाही. स्टील वापरा. पितळी भांडं मांडायचंच असेल तर कल्हई करून आणा.

दुपारच्या जेवणाला, पंचवीस तारखेच्या उन्हात, गरम पंच नकोच. थंड शेनिन ब्लाँ या व्हाइट वाइनमध्ये पेरूच्या फोडी आणि पुदिना, किंवा वाइनशिवाय पेरूचा रस, लिंबू आणि आयत्या वेळी सोडा. त्या वेळी बोरगाव-सुरगाण्याकडची स्ट्रॉबेरी मिळाली तर दोन्हींत घाला. थंड पंचात फरक फार जाणवत नाही, तेव्हा तिथे मी वाइनच्या भानगडीत पडत नाही.

कोण येणार आहे?

चवीचं सगळं सांगून झालं, पण माझा निर्णय चवीवर ठरलेला नाही. काही वर्षांपूर्वी आमच्याकडे दोन्ही पंच एकाच टेबलावर, सारख्याच काचेच्या कपांत ठेवलेली होती. रंग एक, वास जवळजवळ एक. नात्यातल्या एकांनी दारू सोडून चार वर्षं झाली होती. त्यांनी कप उचलला, ओठांना लावला, आणि तसाच हातात धरून ते स्वयंपाकघरात माझ्याकडे आले. ‘हे कुठलं आहे गं?’ एवढंच विचारलं. हात थरथरत होता. तो वाइनचा कप होता. त्यांनी प्यायलं नव्हतं, पण त्या क्षणी त्यांच्या चेहऱ्यावर जी भीती होती ती मी घरात आलेल्या पाहुण्याला दिली होती. तेव्हापासून वाइनचं पातेलं टेबलावर येत नाही. ते ओट्यावर असतं, स्टीलच्या पेल्यांत, आणि मी स्वतः मागणाऱ्याला ओतून देते. टेबलावरच्या काचेच्या कपांत जे आहे ते लहान-थोर कुणीही न विचारता उचलावं.

दुसरी गोष्ट म्हणजे घरी परतणं. रात्री साडेबारा-एकला देवळाली कॅम्प, नाशिकरोड, ओझर अशी मंडळी दुचाकीवर निघतात. गाडी चालवणाऱ्याच्या रक्तात शंभर मिलीमागे ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल असणं हा गुन्हा आहे, पहिल्याच वेळी दहा हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. वर धुकं आणि अंधार. ज्याच्या हातात हेल्मेट आहे त्याला मी ओट्याकडे येऊच देत नाही, मग तो रागावला तरी चालेल.

यंदाचं ठरलं आहे. मोठं पातेलं चहा-डाळिंबाचं, पाच लिटर. वाइनच्या दोनच बाटल्या, आणि त्या आमच्याकडे मुक्कामाला असणाऱ्यांसाठी. आमसुलं मावशी आणणार आहे, ती सावंतवाडीहून येते आहे.