मोठ्या डेटाबेसचा बॅकअप: डंप, फिजिकल की स्नॅपशॉट?

डेटाबेस टेराबाइटच्या पुढे गेला की बॅकअपला किती वेळ लागतो हे नंतर बघा, आधी ठरवा की सिस्टम किती तास बंद राहिली तर चालेल आणि किती मिनिटांचा डेटा गेला तर चालेल. या दोन आकड्यांशिवाय टूल निवडूच नका.

डंप, म्हणजे डेटा वाचून वेगळ्या फाइलीत काढून ठेवणं, सगळ्यात सोपा. एखादंच टेबल परत आणता येतं, नव्या व्हर्जनवरही लोड होतं. पण रिस्टोर करताना सगळा डेटा परत भरायचा, वर सगळे इंडेक्स (शोध जलद करणाऱ्या याद्या) नव्याने बांधायचे, मोठ्या डेटाला यात आख्खा दिवस जाऊ शकतो. शिवाय पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये डंप चालू असेपर्यंत व्हॅक्यूमला (साफसफाईच्या प्रक्रियेला) नुकत्याच मेलेल्या, म्हणजे अपडेट-डिलीटमुळे जुन्या झालेल्या, रो साफ करता येत नाहीत, मग जास्त अपडेट होणारी टेबलं फुगत जातात.

फिजिकल बॅकअपमध्ये डेटा फाइलीच उचलायच्या, त्यासाठी टूल म्हणजे पोस्टग्रेसला पीजीबॅकरेस्ट, मायएसक्यूएल डेटाबेसला एक्स्ट्राबॅकअप. इंडेक्स तयारच येतात, वेळ मुख्यतः कॉपीत जातो (तोही कमी नाही, 2 टीबी 1 गिगाबिटच्या लाइनवरून आणायला साडेचार तास धराच). पण खरी ताकद लॉगमध्ये, म्हणजे प्रत्येक बदलाच्या नोंदीत आहे, हा लॉग (पोस्टग्रेसमध्ये वॉल, मायएसक्यूएलमध्ये बिनलॉग) सतत दुसरीकडे साठवत राहिलात तर 2:10 ला कुणी चुकून टेबल उडवलं तरी 2:09 पर्यंतचा डेटा हातात येतो. रोज फुल घ्यायची गरज नाही, इन्क्रिमेंटल (फक्त बदललेला भाग) चालतं, पोस्टग्रेस 17 मध्ये तर ते आतच आलंय. तोटा एवढाच की पोस्टग्रेसमध्ये मेजर व्हर्जन तेच लागतं.

स्नॅपशॉट, म्हणजे स्टोरेजने डिस्कची त्या क्षणाची स्थिती धरून ठेवणं, झटपट होतो, पण त्याच स्टोरेजवर पडून असेल तर डिस्कसोबत तोही जाणार. आणि डेटा न् वॉल वेगळ्या व्हॉल्यूमवर असतील तर दोन्ही एकाच क्षणाचे हवेत, नाहीतर तो उपयोगाचा नाही.

रेप्लिका (दुसऱ्या सर्व्हरवर सतत अपडेट होणारी प्रत) हा बॅकअप नाही, प्लीज! ड्रॉप टेबल, म्हणजे टेबल उडवायची कमांड, तिकडेही लगेच पोचते.

माझं मत स्पष्ट आहे, टेराबाइटच्या वर फिजिकल अधिक लॉग, आणि महत्त्वाच्या टेबलांचा डंप जोडीला.

काहीही निवडा, रिस्टोर करून बघा. 2017 च्या जानेवारीत गिटलॅब या कोड साठवणाऱ्या साइटचा प्रायमरी (मुख्य) डेटाबेस चुकून डिलीट झाला तेव्हा कळलं की पीजी-डंप (पोस्टग्रेसचं डंप टूल) व्हर्जन जुळत नसल्यामुळे फेल होत होता आणि फेल झाल्याचे मेलही पोचत नव्हते. शेवटी आधी हाताने घेतलेला एक स्नॅपशॉट कामी आला, तरी सुमारे 6 तासांचा डेटा गेलाच. म्हणून दर महिन्याला रिकाम्या मशीनवर पूर्ण रिस्टोर लावा आणि लागलेला वेळ लिहून ठेवा.