थेरपीचे पैसे: अ‍ॅपचं पॅकेज घ्यावं की दर वेळी फी भरावी?

थेरपी सुरू करायचं मनाशी पक्कं झालं की पुढचा प्रश्न पैशांचाच येतो. पुण्यात मी चौकशी केली तेव्हा खासगी समुपदेशकांची फी १००० ते २५०० रुपये सांगितली जात होती. आठवड्याला एक सेशन धरलं तर पगाराला चांगलंच खिंडार पडतं. अ‍ॅपवरचं पॅकेज किंवा दर वेळी फी भरून एकाच समुपदेशकाकडे जाणं, असे दोन मार्ग माझ्यापुढे होते. मी दोन्ही करून पाहिले.

पॅकेज कागदावर स्वस्त दिसतं आणि ते खोटंही नाही. मला ६ सेशन ५४०० रुपयांत मिळाली. ऑफिस सुटल्यावर रात्री ९ची वेळ मिळायची, जाण्यायेण्याचा त्रास नव्हता. लहान गावात किंवा परदेशात राहणाऱ्याला मराठीतून बोलायला कुणी मिळतं, ही तर मोठीच सोय. समोरची व्यक्तीही चांगली होती, त्याबद्दल तक्रार नाही.

अडचण झाली ती मुदतीची. ४५ दिवसांत सहाही सेशन संपवायची होती. दोन झाली आणि वडिलांना सांगलीत अ‍ॅडमिट करावं लागलं. मी १८ दिवस तिथेच होतो. मुदत जाऊ नये म्हणून एका रात्री वॉर्डबाहेरच्या बाकावर बसून सेशन घेतलं. शेजारी कुणाचे तरी नातेवाईक डबा उघडून जेवत होते. मी भिंतीकडे तोंड करून हळू आवाजात बोलत राहिलो, पण जे सांगायचं होतं त्यातलं काहीच तोंडातून निघेना. ते सेशन मोजलं गेलं. परतल्यावर एक झालं, तोवर मुदत संपली आणि उरलेली दोन बुडाली. विनंती केली, तर मुदत वाढवता येत नाही एवढंच उत्तर आलं. १८०० रुपयांचं वाईट वाटलंच. पण आधाराची सगळ्यात जास्त गरज होती त्याच दिवसांत मी तारखा मोजत बसलो, ते जास्त लागलं.

नंतर ओळखीतून एका समुपदेशक मॅडमचा नंबर मिळाला. फी १५०० होती. फोनवरच विचारलं, "मॅडम, फी थोडी कमी होऊ शकते का?" विचारताना घसा कोरडा पडला होता. त्या म्हणाल्या, "महिन्याला किती जमेल तुम्हाला?" मी २००० म्हटलं. मग १००० रुपयांत, पंधरा दिवसांतून एकदा, असं ठरलं. मधल्या दिवसांसाठी त्या वहीत लिहायला काही ना काही देतात. सगळेच असं करत असतील असं म्हणणार नाही, पण काही समुपदेशक कमी फीच्या थोड्या वेळा राखून ठेवतात. पहिल्या सेशनच्या आधीच विचारावं, नंतर जास्त अवघड जातं. तेव्हाच आयत्या वेळी रद्द केलं तर काय, हेही विचारून घ्यावं.

विम्यावर फार भिस्त ठेवू नका. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार मानसिक आजारालाही शारीरिक आजारांसारखंच विमा संरक्षण द्यावं लागतं. पण बऱ्याच पॉलिसी अ‍ॅडमिट झाल्यावरच पैसे देतात. पॉलिसीत ओपीडीचा खर्च धरला आहे का, ते आधी बघा. कंपनीतून मोफत सेशन मिळत असतील तर ती आधी वापरा. हात अगदीच आखडला असेल तर सरकारी रुग्णालयाची मानसोपचार ओपीडी आहे. तिथे डॉक्टर आणि औषधं मिळतात, पण गर्दीत निवांत तासभर बोलणं कठीण. आणि मध्यरात्री जीव घाबरला तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर २४ तास मोफत आहे, मराठीतही बोलता येतं.

ज्याचं वेळापत्रक हलत नाही, घरात आजारपण नाही, त्याला पॅकेज परवडेलही. त्यानेसुद्धा आधी एकच सेशन घेऊन बघावं आणि मुदतीची अट वाचूनच पुढचे पैसे भरावेत. घरची जबाबदारी अंगावर असेल तर मात्र माझ्या मते दर वेळी फी भरलेलीच बरी. मागच्या महिन्यात वडिलांची तपासणी नेमकी माझ्या गुरुवारी आली. आदल्या दिवशी मेसेज केला. मॅडमनी शनिवारची वेळ दिली आणि वर लिहिलं, "बाबांचं आधी होऊ द्या."