लिव्हर प्रत्यारोपणानंतर फायब्रोसिस तपासताना: फायब्रोस्कॅन, शिअर वेव्ह की बायोप्सी?

प्रत्यारोपणाला वर्ष-दोन वर्षं झाली की घरात एकाच कागदाची वाट पाहिली जाते: एसजीपीटी, बिलीरुबिन, रिजेक्शन, म्हणजे शरीराने नवं लिव्हर नाकारणं, रोखणाऱ्या टॅक्रोलिमस या औषधाची पातळी. आकडे ठीक आले की सगळ्यांना हायसं वाटतं. पण नव्या लिव्हरमध्ये फायब्रोसिस, म्हणजे आतल्या आत वण धरून लिव्हर कडक होत जाणं, रक्ताच्या रिपोर्टला पत्ता न लागू देताही चालू राहू शकतं. इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमच्या डॉक्टरांनी 2006 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात वरवर ठणठणीत असलेल्या प्रत्यारोपित मुलांच्या बायोप्सी तपासल्या होत्या. दहा वर्षांनंतर त्यांतल्या बहुतेकांच्या लिव्हरमध्ये कमी-अधिक फायब्रोसिस सापडला. म्हणून 'रिपोर्ट नॉर्मल आहेत, मग आणखी तपासणी कशाला' हे म्हणणं मला पटत नाही. तपासायचं हे नक्की. कशाने, एवढाच प्रश्न.

बायोप्सीपासून सुरुवात करू, कारण बाकीच्या तपासण्यांची पारख तिच्याशीच ताडून होते. सुईने काढलेला तुकडा लिव्हरच्या साधारण पन्नास हजाराव्या भागाएवढा असतो, त्यामुळे नेमक्या कुठल्या जागेतून तो आला यावर निकाल थोडाफार हलतो. दुखतं, काही तास पडून राहावं लागतं, आणि क्वचित गंभीर रक्तस्राव होतो. तरीही कडकपणा कशामुळे आला हे तीच सांगते: रिजेक्शन, जुना आजार परत येणं, पित्तनलिकेची अडचण, की पुन्हा साठू लागलेली चरबी. सोनोग्राफीचं कुठलंही यंत्र हे सांगू शकत नाही.

सोनोग्राफीवर चालणाऱ्या तपासण्यांमागचं तत्त्व एकच आहे. लिव्हरमधून एक आडवी लहर जाऊ द्यायची आणि तिचा वेग मोजायचा. लिव्हर जितकं कडक, तितकी लहर वेगवान. फरक आहे तो लहर कशी उठवली जाते आणि कुठे मोजली जाते यात.

फायब्रोस्कॅन हे फ्रान्समधल्या एकोसेन्स कंपनीचं यंत्र. त्याचा प्रोब बरगड्यांच्या मधल्या जागेत टेकवला की त्वचेवर हलका ठोका बसतो, आणि नेहमीच्या एम प्रोबने त्वचेखाली अडीच ते साडेसहा सेंटिमीटरच्या पट्ट्यात मोजमाप होतं. निदान दहा मोजमापं घ्यायची आणि त्यांचा मध्यक, म्हणजे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा, किलोपास्कल या कडकपणाच्या एककात सांगायचा. पाच-दहा मिनिटांत काम संपतं. बायोप्सीच्या तुकड्याहून शंभरपट मोठा भाग यात तपासला जातो. जाड शरीरासाठी एक्सएल प्रोब असतो, लहान मुलांसाठी छातीच्या घेरानुसार एस प्रोब. मात्र पोटात पाणी झालं असेल तर ठोक्याची लहर लिव्हरपर्यंत पोचतच नाही. शिवाय पडद्यावर लिव्हरचं नेहमीचं चित्र दिसत नाही, त्यामुळे प्रोबखाली नेमकं काय आहे याचा अंदाजच बांधावा लागतो.

शिअर वेव्ह तपासणी सोनोग्राफीच्या नेहमीच्या मशीनवर होते. यात बाहेरून ठोका नसतो, ध्वनिलहरींचाच दाब आत देऊन लहर उठवतात. एका प्रकारात छोट्या चौकटीतला वेग मिळतो, दुसऱ्यात लिव्हरच्या मोठ्या भागाचा रंगीत नकाशा. डॉक्टर चित्र पाहत असतात, म्हणून रक्तवाहिन्या आणि पित्तनलिका टाळून नेमकी जागा निवडता येते. थोडं पाणी असलं तरी बहुधा अडत नाही. त्याच बैठकीत डॉपलरने, म्हणजे रक्तप्रवाह दाखवणाऱ्या सोनोग्राफीने, लिव्हरला रक्त पुरवणारी हिपॅटिक धमनी व पोर्टल शीर आणि लिव्हरमधून रक्त बाहेर नेणाऱ्या शिरा पाहता येतात, आणि प्रत्यारोपित माणसाच्या बाबतीत हा फायदा फार मोठा आहे. उणीव अशी की निकाल तपासणाऱ्याच्या हातावर जास्त अवलंबून असतो आणि प्रत्येक कंपनीच्या मशीनचे आकडे थोडे वेगळे येतात.

प्रत्यारोपित लिव्हर कुठे बसवलंय, ही निवड करतानाची सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट आहे. भारतात जिवंत दात्याकडून होणारी प्रत्यारोपणं जास्त. मोठ्या माणसाला साधारणपणे उजवा भाग मिळतो. तो बरगड्यांच्या आडच असतो, त्यामुळे तिथे फायब्रोस्कॅन नीट होतो. लहान मुलाला मात्र आईचा किंवा वडिलांचा डावा छोटा भाग बसवलेला असतो, आणि तो पोटाच्या वरच्या मध्यभागाकडे येतो. बरगड्यांमधून नेहमीच्या जागी प्रोब लावला तर मोजमाप फसतं किंवा भलतंच येतं. अशा मुलासाठी मी चित्र पाहून केलेली शिअर वेव्ह तपासणीच सुचवेन, तीही मुलांची तपासणी करण्याचा सराव असलेल्या डॉक्टरांकडून.

आता आकड्यांबद्दल. या तपासण्या वण मोजत नाहीत, कडकपणा मोजतात. रिजेक्शनमधली सूज, पित्तनलिका अरुंद होऊन साचलेलं पित्त, लिव्हरमधून बाहेर जाणाऱ्या शिरेतला अडथळा, इतकंच काय, नुकतंच झालेलं जेवण, यांतल्या कशानेही आकडा वाढतो. जिवंत दात्याच्या लिव्हरमध्ये पित्तनलिका अरुंद होण्याचा त्रास काही विरळा नाही, त्यामुळे आकडा एकदम चढला की आधी पित्तनलिका आणि शिरा तपासाव्यात, सिरॉसिसची, म्हणजे वणांनी लिव्हर पुरतं कडक झाल्याची, धास्ती घेऊ नये. उलट, आकडा कमी आणि वर्षानुवर्षं स्थिर असेल तर त्यावर बराच भरवसा ठेवता येतो. या तपासण्यांची खरी ताकद धोका नाही हे सांगण्यात आहे.

'किती आकडा म्हणजे वाईट' याचं एक उत्तर नाही. बार्सिलोनाच्या डॉक्टरांनी 2006 मध्ये प्रत्यारोपणानंतर परतलेल्या हिपॅटायटिस सी साठी फायब्रोस्कॅनचा 8.5 किलोपास्कल हा उंबरठा मांडला. पण आता हिपॅटायटिस सी गोळ्यांनी बरा होतो, आणि आज आपल्यासमोर येणारा फायब्रोसिस बहुधा चरबी, दारू, ऑटोइम्यून आजार किंवा रिजेक्शनमधून आलेला असतो. तोच उंबरठा सरसकट सगळ्यांना लावणं बरोबर नाही. शिअर वेव्हचा निकाल कधी मीटर प्रति सेकंदात देतात. त्याचा वर्ग करून तिनाने गुणलं की साधारण किलोपास्कल मिळतात, उदाहरणार्थ 1.7 म्हणजे सुमारे 8.7. तरीही एका यंत्राचा आकडा दुसऱ्या यंत्राच्या आकड्याशेजारी मांडून 'वाढला' किंवा 'उतरला' म्हणू नये.

म्हणून माझं मत असं: उजवा भाग किंवा पूर्ण लिव्हर मिळालेल्या, पोटात पाणी नसलेल्या मोठ्या माणसाने फायब्रोस्कॅन निवडावा. रक्ताचे रिपोर्ट स्थिरावल्यावर पुढच्या तुलनेसाठी एक पायाचा आकडा घ्यावा, आणि पुढे दर वेळी शक्यतो त्याच केंद्रात, त्याच प्रकारच्या यंत्रावर, तीन तास उपाशीपोटी जावं. पोटात पाणी असेल, डावा भाग बसवलेला असेल किंवा रक्तवाहिन्यांची शंका असेल तर शिअर वेव्ह. रिपोर्ट घेताना त्यात मोजमापांचा पसारा (आयक्यूआर), म्हणजे ती एकमेकांपासून किती लांब आहेत, हे लिहिलंय का ते पाहा. किलोपास्कलच्या निकालात तो मध्यकाच्या 30 टक्क्यांच्या वर असेल तर तपासणी पुन्हा करायला सांगा, त्यात संकोच नको.

प्लेटलेट धरून रक्ताच्या आकड्यांवरून काढलेले एपीआरआय, फिब-4 हे फायब्रोसिसचे गुणांक स्वस्त आहेत, पण प्रत्यारोपणानंतरही प्लीहा मोठीच राहून प्लेटलेट कमी असू शकतात, त्यामुळे ते चकवतात. एमआरआयवर कडकपणा मोजणारी एमआर इलास्टोग्राफी चांगली, पण महाग आणि मोजक्या ठिकाणी.

एका बाबतीत मात्र मी सुईच्या बाजूने आहे. रिजेक्शन रोखणारी औषधं बरीच कमी करायचा विचार चालू असेल, तर केवळ कडकपणाचा आकडा चांगला आलाय म्हणून होकार देऊ नका. आकडा चांगला असूनही आत धुमसणारं सौम्य रिजेक्शन असू शकतं, आणि ते दिसतं फक्त सूक्ष्मदर्शकाखाली. औषधं कमी करण्याआधी बायोप्सी करायची का, हा प्रश्न डॉक्टरांना थेट विचारा. त्यांनी ती सुचवली तर टाळू नका.